टांग्याच्या मागच्या बाकावरून

राजापूरकडच्या आमच्या गावात घोडा फक्त कॅलेंडरात असे. त्याच्यावर शिवाजी महाराज बसलेले, त्याचे पुढचे दोन पाय हवेत, आणि तो काही केल्या खाली उतरायचा नाही. डोंगरउतार, भातखाचरं, जांभ्याच्या पायवाटा, खाडीत होडी आणि सपाटी मिळालीच तर बैलगाडी. घोड्याला आमच्याकडे कामच नव्हतं. १९७१ साली कोर्टात कारकून असलेल्या वडिलांची बदली पुण्याला झाली, नाना पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं, आणि वाड्यामागच्या बोळात चारही पाय जमिनीवर ठेवून शेपटीनं माश्या वारणारं एक तांबडं धूड मला दिसलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. या धुडाचं नाव चिमणी आहे असं कळल्यावर मला वाटलं, पुण्याच्या माणसांचं काहीतरी बिनसलेलं असणार.

चिमणीचे मालक टांगा चालवायचे. अख्खा बोळ त्यांना चाचा म्हणे, त्यांच्या बायकोला चाची. चाचांची भाषा निम्मी मराठी आणि निम्मी कॅम्पातली हिंदी. मला त्यांनी दिलेला पहिला धडा असा: “मागून येऊ नको बेटा, लात बसेल. एकदम समोरून बी नको. बाजूनं ये, आणि बोलत ये.”

मागून नको हे समजलं. समोरून का नको? समोर तर तिचं तोंड आहे, डोळे आहेत. आणि बोलत ये म्हणजे काय बोलत? मी बाजूनं गेले आणि दुसरं काही सुचेना म्हणून शाळेतली प्रार्थना म्हटली. चिमणीनं एक कान माझ्याकडे वळवला, दुसरा वळवलाच नाही. दोन कान दोन दिशांना फिरू शकतात हे मला नवीन होतं. मी प्रार्थना तिथेच सोडून घरी पळाले.

समोरचं कोडं पुष्कळ उशिरा सुटलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळं भोवताल दिसतं. दिसत नाही ते थेट मागचं आणि अगदी नाकासमोरचं. म्हणजे मी समोर जाऊन उभी राहिले असते तर मी तिला चिमणीएवढीही दिसले नसते. आणि एवढं सगळं दिसतं म्हणूनच कामावर निघताना तिच्या डोळ्यांना कातड्याची झापडं. एरवी मागून येणारं गाडीचं चाकच पाहून घोडं बिथरतं. हे चाचांनी सांगितलं तेव्हा मला पटलं नाही. जे चाक ती रोज ओढते, त्याचीच भीती? पुढे मोठेपणी नोकरीत काही माणसं पाहिली, मग पटलं.

आमच्या भागाला घोडे नवे नव्हते. शेजारची रास्ता पेठ पेशवाईत घोडदळाचे सरदार आनंदराव रास्ते यांनी वसवलेली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या वस्तीत पागा असणार आणि टापांनी लोकांची झोपमोड होत असणार. मी पोचले तेव्हा त्या सगळ्यातून उरले होते ते टांगे: स्टेशनाबाहेर, स्वारगेटला, मंडईपाशी. नाना पेठ-भवानी पेठेच्या भुसार बाजारात धान्याच्या पोत्यांच्या बैलगाड्या आणि हातगाड्या, त्यांच्यामध्ये पीएमटीची बस, भोवती सायकलींचा लोंढा, आणि या सगळ्यांच्या फटीतून घुसणाऱ्या रिक्षा. कोण कुणाला वाट देतं याचा काही नियम असेल तर तो मला शेवटपर्यंत सापडला नाही. टांगेवाले पायाखालची घंटा वाजवत. तिनं भागलं नाही तर चाबकाची मूठ फिरत्या चाकाच्या आऱ्यांत धरत. कडकडकड असा आवाज उठला की सायकलवाला आपोआप बाजूला. मला कितीतरी दिवस वाटत होतं की टांगा मोडला.

बसण्यापासूनच माझी पंचाईत होती. टांग्यात चार माणसं पाठीला पाठ लावून बसतात: पुढची हाकणाऱ्याच्या शेजारी, मागची रस्त्याकडे तोंड करून. बसायला गेलं की चाचा एखाद्या हिशेबनिसासारखे प्रत्येकाकडे निरखून बघायचे आणि हुकूम सोडायचे. “बाई, तुम्ही पुढं. पोरगी मागं. ट्रंक पायाशी नको, आत सरकवा.” आईला वाटायचं, हा माणूस आपल्या वजनावर बोलतोय. तो वजनावरच बोलत होता, पण त्याची काळजी वेगळी होती. गाडी दोन चाकांची. मागं ओझं जास्त झालं की ती उलाळते, दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा तंग घोड्याला वर ओढायला लागतो. पुढं जास्त झालं की तेच ओझं त्याच्या पाठीवर येतं. दोन्हींच्या मधे एक जागा असते. ती सापडली की दांड्या नुसत्या तरंगतात आणि घोड्याला फक्त ओढायचं उरतं. चढ लागला की चाचा आम्हाला पुढं वाकायला लावत, उतारावर मागं रेलायला. टांग्यात बसणं हेही एक काम आहे, तेही पैसे देऊन करायचं, हे गावाकडून आलेल्या माणसाला समजावणं अवघड.

मग शाळा सुरू झाली. लक्ष्मी रोडनं पश्चिमेला जायचं. बोळातल्या काही मुलांसाठी चाचांचा टांगा महिन्याच्या बोलीवर लावलेला होता, त्यात आईनं मलाही घुसवलं. १९६५च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे घोडागाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चार जण बसायला परवानगी होती. आम्ही किती असू ते मोजण्याच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. चौकातला हवालदार कधीमधी मोजायला लागायचा, तेव्हा चाचा शांतपणे सांगायचे, “सगळी सहाच्या आतली हायेत साहेब.” त्यात एकाला मिसरूड फुटत होतं.

नवी म्हणून माझी जागा कायम मागं. त्याचा परिणाम असा झाला की पुणं मी उलटं शिकले. आधी चौक निघून जायचा, मग मला दिसायचा. डुल्या मारुती, सोन्या मारुती, सिटी पोस्ट, बेलबाग, कुंटे चौक ही सगळी नावं पुढं बसलेली मुलं ओरडायची. मला त्या नावांखाली दिसायचा तो मागं पडत चाललेला रस्ता. माणसं आमच्याकडे चालत यायची आणि तरी दूर जायची. सुरुवातीला पोटात ढवळायचं. एकदा आईबरोबर त्याच रस्त्यानं पायी निघाले तर एकही दुकान ओळखीचं वाटेना. मी वळून वळून मागं बघत चालले, तेव्हा कुठे रस्ता लागला. आईनं विचारलं, मान आखडली का.

मागच्या बाकाला एक फायदा होता. पुढच्यांना चिमणीची पाठ दिसे, मला तिचा आवाज ऐकू येई, आणि आवाजावरून मी अंदाज बांधायला लागले. दुडकी चाल म्हणजे रस्ता मोकळा. टापांत अंतर पडलं की चढ. पावसाळ्यात डांबरावर लोखंडी नाल सरकला की एक खरवडल्यासारखा आवाज येई, पाठोपाठ चाचांचा “हो, हो, हो” असा सूर. तो सूर ऐकला की मुलं गप्प बसत. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मीही गप्प बसे.

संध्याकाळी तबेल्यात जायची मला चटक लागली. तबेला म्हणजे पत्र्याची शेड, एका अंगाला चाचांच्या कुटुंबाची खोली. मला काम दिलं ते पाण्याचं. घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितं, उन्हाळ्यात आणखी. मी माझ्या ताकदीप्रमाणे अर्धी बादली भरून आणे, चिमणी ती सुर्रकन संपवून माझ्याकडे बघे. आणखी एक बादली. पुन्हा तेच. हे जनावर आहे की मोरी, असं मी चाचीला विचारलं. चाची म्हणाली, “अभी तो तूने खाना देखाच नहीं.”

खाण्याला ते लोक चंदी म्हणत: भिजवलेला हरभरा, त्यात कोंडा. वर हरळीचं गवत, जमलं तर लसूणघासाची पेंढी. कामावर असताना तोबरा गळ्यात अडकवायचा. पहिल्यांदा चिमणीचं तोंड पिशवीत गुडूप झालेलं पाहिलं तेव्हा वाटलं, हिला आता श्वास कसा येणार? कारण तोवर मला आणखी एक गोष्ट कळली होती: घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकानं. तोबऱ्यातून फुर्र फुर्र आवाज यायला लागला आणि कोंड्याचा धुरळा उडाला, म्हणजे सगळं ठीक.

हातानं द्यायचं तर तळवा सपाट ठेवायचा, बोटं वर नकोत, हा दुसरा धडा. तिचे ओठ माझ्या तळव्यावरून फिरले तेव्हा मी किंचाळले, आणि तिनं दचकून हरभरे सांडले. ते ओठ इतके मऊ असतील असं त्या दातांकडे बघून कुणाला वाटणार नाही. दातांचंही एक कोडं होतं. लगामाची लोखंडी कडी तोंडात असताना ती चावून तुकडे का करत नाही? चाचांनी तिचा ओठ वर करून दाखवला: पुढचे दात, मग नुसती हिरडी, मग आत दाढा. मधल्या मोकळ्या जागेत कडी बसते. माणसानं ती जागा हेरली म्हणून घोडा माणसाच्या हाती आला. हे चाचांचं मत नाही, माझं.

बाकी साज मात्र माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. झापडं, मोहरकी, लगाम, छातीवरचा पट्टा, पाठीवरचं खोगीर, तंग, शेपटीखालून जाणारी दुमची. खुंटीवर टांगलेला तो सगळा चामड्याचा गुंता चाचा बोलता बोलता तिच्या अंगावर चढवत, न बघता. मी दरवेळी एखादी वादी हातात धरून उभी असे आणि ती नेमकी शेवटी लागणारी निघे.

नालबंद महिन्या-दीड महिन्यानं येई. पाय दोन्ही मांड्यांत धरून तो जुना नाल उपटायचा, खूर तासायचा आणि नव्या नालावर खिळे ठोकायला लागायचा. मी कान बंद केले, डोळे उघडे ठेवले. चिमणी उभ्या उभ्या पेंगत होती. रक्त कसं येत नाही, असं मी विचारलं तर नालबंदानं काही न बोलता माझ्या हाताचं नख धरलं आणि त्याच्या टोकाला आपल्या हत्यारानं टिचकी मारली. खुराची बाहेरची भिंत नखासारखीच, तिला जाणीव नाही. खिळा त्या भिंतीतून तिरपा बाहेर काढायचा आणि टोक वळवून टाकायचं. एक केसभर आत गेला की घोडं लंगडं, आणि घोडं लंगडं तर घर लंगडं. मला वाटायचं डांबरी सडक सगळ्यांच्या सोयीची. नालबंद मात्र डांबराला शिव्या घालायचा, कारण नाल झिजायचे लवकर आणि घसरायचेही तिथेच. चाचा हसून म्हणत, “तुझा धंदा त्याच्यावर चालतो की.”

तबेल्यात आणखी एक माणूस यायचा तो कसब्यातल्या कुंभारवाड्यातला. तो लीद न्यायचा. घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं, आणि कुंभाराला ती मातीत मिसळायला लागते. तिच्यातल्या तंतूंनी माती धरून राहते, तडकत नाही. म्हणजे आमच्या घरच्या माठात, ज्यातलं पाणी पिऊन वडील ‘अहाहा’ म्हणत, त्यात चिमणीचा वाटा होता. मी हे जेवताना सांगितलं. त्यानंतर काही दिवस माझं तबेल्यात जाणं बंद होतं.

१९७२चा पावसाळा कोरडा गेला. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय: खडी फोडायची कामं, रेशनवरचा तांबडा मिलो, सुकडी. शहरात आम्हाला त्याची झळ मिलोच्या भाकरीपुरती लागली. ती थापता यायची नाही, आई चिडायची. पण घोडेवाल्यांसाठी तो दुष्काळ गवताचा होता. हरळीच्या पेंढ्या दिसेनाशा झाल्या, हरभऱ्याचा भाव चढला, कडब्याला सोन्याची किंमत आली. गुरांसाठी खेड्यापाड्यांत छावण्या निघाल्या. पेठेतल्या घोडीला छावणी कोण देणार? चाची एकदा चुलीपाशी फणकारली, “हम मिलो खा रहे, और महारानी को चना.” चाचा काही बोलले नाहीत. पण हरभरा कमी झाला आणि जाडाभरडा सुका भुसा वाढला.

मग एका रात्री बोळात गडबड ऐकू आली. मी खिडकीतून पाहिलं तर चाचा आणि त्यांचा मुलगा चिमणीला कंदिलाच्या उजेडात चालवत होते. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. ती वळून वळून आपल्याच पोटाकडे बघत होती. मधेच थांबून पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मागच्या पायानं पोटावर लाथा मारत होती, गुडघे वाकवून आडवं पडायला बघत होती. ती बसायला लागली की दोघं तिला ओढून उभं करत. मला रडूच आलं. आजारी माणसाला आपण झोपवतो. हे लोक हिला झोपू का देत नाहीत?

वडील खाली गेले, त्यांच्यामागून मी. चाचांनी एका दमात सांगितलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी उमगलं. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या पोटाच्या तोंडाशी इतका घट्ट स्नायू असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. बिघडलेलं, अडकलेलं, फुगलेलं जे काही असेल त्याला एकच वाट, मागची, आणि ती वाट लांबलचक आतड्याची. सुका भुसा कुठेतरी अडून बसला होता. दुखण्यानं जनावर लोळायला लागलं तर आतड्याला पीळ बसायची भीती. म्हणून चालवायचं, लोळू द्यायचं नाही.

जनावरांचे डॉक्टर रात्री उशिरा आले. त्यांनी चिमणीच्या कुशीला कान लावला. खरंच कान, नळी नंतर लावली. पोटात गुरगुर ऐकू येते का हे ते बघत होते. एरवी घोड्याचं पोट सतत कुरकुरत असतं, गप्प झालं की घाबरायचं. मग त्यांनी एक लांब रबरी नळी काढली आणि ती चिमणीच्या नाकपुडीत घालायला लागले. नाकात! दुखतंय पोटात आणि औषध नाकात! नळी आत जात राहिली, जात राहिली, माझ्या अंदाजानं शेपटीपर्यंत पोचली असावी. तिच्यातून त्यांनी तेल सोडलं. तोंडातून पाजलं आणि ते फुफ्फुसात गेलं तर घोडं त्यानंच मरतं, हे डॉक्टर वडिलांना सांगत होते. वडील मान हलवत होते, जणू कोर्टाच्या कारकुनाला रोज हेच ऐकावं लागतं.

मी पायरीवर बसून राहिले. वाड्यातली आणखी माणसं आली, कुणी चहा केला. एका आजोबांनी घोड्याचा आणि पेशव्यांचा काहीतरी संबंध सांगायला सुरुवात केली, त्यांना कुणी ऐकलं नाही. उजाडायच्या सुमारास चिमणी बोळाच्या मध्यावर थांबली, शेपटी उचलली, आणि लीद टाकली. मोठी माणसं टाळ्या पिटताना मी पाहिली. चाचांच्या मुलानं नाचायचंच बाकी ठेवलं. चाची पदरानं डोळे पुसत होती. लिदीचं एवढं स्वागत झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि घरी जाताना आईनं मला तोंड धुवायला लावलं.

हे आटोपल्यावर चाचा वडिलांजवळ बसले. डॉक्टरांचे पैसे, काही दिवस धंदा बंद, वर हरभरा पुन्हा वाढवायचा. बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं, कारण माझ्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथेच होती. “साहेब, रिक्षा उभी राहिली की पेट्रोल पण उभं राहतं. हिचं पोट उभं राहत नाही. सवारी मिळो, ना मिळो. पाऊस असो, बंद असो, गणपतीत रस्ते अडलेले असोत. तिला रोज पायजे.” मी तोवर टांग्याकडे गाडी म्हणून बघत होते, जिला पुढं घोडं जोडलंय. चाचांच्या हिशेबात तसं काही नव्हतंच. घरात खाणारं एक तोंड जास्त होतं, ते सगळ्यांत आधी जेवायचं, आणि त्याचं जेवण निघावं म्हणून गाडी होती.

पुढच्या वर्षी मात्र बाजी पलटल्यासारखी वाटली. ऑक्टोबर १९७३ला पश्चिम आशियात युद्ध पेटलं, तेल महागलं, आपल्याकडे पेट्रोलचे भाव भडकले. नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत बातम्या आल्या: इंधन वाचवा हे दाखवायला पंतप्रधान इंदिरा गांधी घोड्याच्या बग्गीतून निघाल्या, आणि भाववाढीच्या निषेधाला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेवर गेले. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला बोलावून बातमी तीनदा वाचून घेतली. वाजपेयींचा भाग त्यांनी दुसऱ्या खेपेपासून गाळायला सांगितला; बैलांत त्यांना रस नव्हता. “बग्गीला घोडे किती होते? कुठल्या रंगाचे?” ते काही छापलेलं नव्हतं. मी म्हटलं, पांढरे असतील. चाचा म्हणाले, “पांढरे दिसायला. चालायला तांबडंच.” त्यानंतर चिमणीच्या कपाळावर नवा गोंडा आला. स्टेशनावरच्या टांगेवाल्यांच्या चालीतही म्हणे फरक पडला होता. सरकारच घोड्यावर आलंय म्हटल्यावर कोण ऐकतो!

ते महिने सरले. पेट्रोल महागच राहिलं आणि लोक महाग पेट्रोलला सरावले. रिक्षावाल्यांनी भाडं वाढवून घेतलं. टांग्याला ते जमेना, कारण टांग्यात बसणारी माणसं आमच्यासारखी, आठ आण्यांवरून अर्धा तास वाद घालणारी. आईचा तर तो आवडता व्यायाम होता. १९६९ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यापासून रिक्षासाठी कर्ज मिळतं, असं चाचांच्या मुलाला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं घरी सांगून पाहिलं, मग भांडून पाहिलं. मी तोवर तेराची झाले होते आणि पायी शाळेत जात होते, सरळ तोंडानं.

चिमणीला बघायला गिऱ्हाईक आलं ते वरातीला घोड्या देणारं. मला हायसं वाटलं. वरातीत निदान हरभरा तरी चांगला मिळत असेल. आलेल्या माणसानं तिच्या डोळ्यांकडे, पायांकडे ओझरतं बघितलं आणि थेट ओठ वर करून दात तपासले. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून कायमचे येतात, त्यावरून वय बिनचूक सांगता येतं. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात, आणि आठ-नऊ वर्षांनंतर दोन जाणकार दोन आकडे सांगतात. चाचा म्हणाले दहा. तो म्हणाला चौदा. चाचा म्हणाले, “अरे, दात माझ्या नजरेसमोर आलेत.” तो म्हणाला, “माझ्या नजरेसमोर झिजलेत.” मी दोघांच्या मधून वाकून आत पाहिलं. मला हिरवट दात दिसले आणि गवताचा वास आला.

मग दोघं शेजारी बसले, उपरण्याचं टोक हातांवर टाकलं आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबायला लागले. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. चाचा मान हलवत, तो हसे, उपरणं हले. जनावरांच्या बाजारात असाच भाव ठरतो, बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून. मला तो कळला नाहीच. चाचीलाही कळला नाही, आणि त्यावरून त्या घरात पुढे बरेच दिवस धुसफूस होती.

रिक्षा दसऱ्याच्या आधी आली. तिला झेंडूची माळ घातली, कारण सवाऱ्यांना आवडतं. शेडमध्ये ती एका कोपऱ्यात मावायची, बाकी जागा रिकामी. दसरा झाल्यावर कुंभारवाड्यातला तो माणूस नेहमीप्रमाणे पोतं घेऊन आला आणि दारातच थबकला. त्यानं शेडभर नजर फिरवली, मग रिक्षाकडे बघितलं.

“आता धूर आहे,” चाचा म्हणाले. “नेतोस भरून?”

कुंभार हसला नाही. गणपती, नवरात्र झालं, आता उन्हाळ्याच्या माठांची तयारी, माती कशात मळू, असं तो म्हणाला. स्टेशनावर कुणाकुणाचे टांगे उरलेत, तबेले कुठे आहेत, त्यानं विचारलं. चाचांनी त्याला खाटेवर बसवलं, मला आतून वहीचा कागद आणायला सांगितलं, आणि एकेक पत्ता आठवून सांगायला लागले. मी लिहीत गेले. एक पान पुरलं.